रसायनाची चतुःसीमा

पनवेलहून पळस्पे फाटा ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव लागते. 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या गावी झाला आणि त्या योगाने, एरवी पनवेल तालुक्यातील अनेक गावांपैकी एक म्हणून राहिले असते अशा या वस्तीचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. परंतु इतिहासाबरोबर ज्यास वर्तमानाचा व्यवहारही पाहावयाचा आहे, त्याने या गावाच्या भोवतालचा नकाशा एकदा समोर ठेवावा. उत्तरेस तळोजाची औद्योगिक वसाहत, पूर्वेच्या अंगाला पाताळगंगेच्या काठची रसायनी, आणि या दोहोंच्या मध्ये, भातखाचरांच्या बांधाला बांध लावून उभ्या राहिलेल्या गोदामांची व लहानमोठ्या कारखान्यांची रांग, असा हा मुलूख आहे. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने रसायनीस आपला कारखाना उभारला. 1982 पासून पाताळगंगेस रिलायन्सच्या पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू झाले. सिप्लासारख्या औषध कंपनीचा कारखानाही तेथेच आहे. 2017 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्तान ऑरगॅनिकचा रसायनी येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही अग्निबाणांच्या इंधनाबरोबर लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार करणारा विभाग तेवढा वगळून तो इसरोकडे सोपविण्याचे ठरले. या मातीत रसायनशास्त्र किती खोल रुजले आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

अशा मुलखात, रात्रपाळीच्या प्रयोगशाळेत एखाद्या रसायनज्ञास काही नवे सापडले, तर त्याचा धनी कोण, आणि ते धनीपण सिद्ध कसे करावयाचे? जमिनीच्या प्रश्नावर या तालुक्यातील पोरसवदा माणूसही अधिकारवाणीने बोलेल. नवी मुंबईपासून विमानतळापर्यंतच्या भूसंपादनाने येथील घराघराला सातबारा, फेरफार, गटनंबर आणि मोजणी यांचे शिक्षण दिले आहे. खरेदीखतात पूर्वेस कोणाची हद्द आणि पश्चिमेस कोणता ओढा हे नीट लिहिलेले नसेल, तर पुढे दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे त्यांना पढवावे लागत नाही. रसायनाच्या शोधालाही अशीच चतुःसीमा असते आणि ती शब्दांनी आखावी लागते. ती आखून देणारा जो व्यावसायिक, त्याला पेटंट एजंट म्हणतात. त्याची विद्या अर्धी प्रयोगशाळेतील आणि अर्धी दस्तऐवजातील असल्यामुळे, त्याचा परिचय ना शास्त्रज्ञांना पुरता असतो, ना सामान्य वकिलांना.

प्रथम पेटंट म्हणजे काय ते स्पष्ट करू. पेटंट ही सरकारने संशोधकाला दिलेली मुदतीची सनद आहे. संशोधकाने आपली कृती, त्या विषयातील जाणकाराला ती जशीच्या तशी करून पाहता येईल इतक्या तपशिलाने, जाहीर करावयाची. आणि त्या मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षेपर्यंत इतरांनी त्याच्या अनुमतीवाचून ती वापरू नये, असा बंदोबस्त सरकारने करावयाचा, अशी ही उभयपक्षी कबुलात आहे. या सनदेने दुसऱ्याला अडविण्याचा अधिकार मिळतो. स्वतः माल करण्याचा परवाना मिळत नाही. औषधाचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कारखान्याची नोंदणी, ही दप्तरे निराळी, आणि पेटंट हाती असूनही त्यांतील एखादे नसेल तर उत्पादन करता येत नाही.

या सनदेचा कायदा आपल्या देशात प्रथम 1856 साली आला. त्या वेळी शिरढोणचे वासुदेव बळवंत दहा वर्षांचे होते. राणीची पूर्वसंमती न घेताच केलेला म्हणून तो पुढच्याच वर्षी रद्द झाला, 1859 साली सुधारून पुन्हा आला, आणि 1911 च्या कायद्याने त्याला जे रूप दिले ते स्वातंत्र्यानंतरही बराच काळ टिकले. या जुन्या कायद्याचा औषधधंद्यावर केवढा दाब होता, हे मुंबई उच्च न्यायालयातील एका खटल्यावरून दिसते. मधुमेहावर पोटात घ्यावयाचे टॉल्ब्युटामाइड हे औषध, आणि त्याचे पेटंट जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीकडे. मुंबईच्या युनिकेम लॅबोरेटरीजने तेच औषध येथे तयार करावयास घेतले, तेव्हा हेक्स्टने दावा लावला. आपली कृती परळच्या हाफकिन संस्थेने शोधलेली असून तिचे स्वतंत्र पेटंट आहे, असा युनिकेमचा बचाव होता. तो न्यायालयाने मानला नाही, आणि निवाडा हेक्स्टच्या पदरात पडला. आपल्याच शहरातील, आपल्याच संस्थेने शोधलेली वाट दुसऱ्याच्या आवारातून जाते असे ठरले, तर देशी रसायनज्ञाने जावे कोठून, हा प्रश्न त्या काळी पुष्कळांच्या मनात होता.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 साली सादर केलेल्या अहवालाने या प्रश्नाला दिशा दिली आणि त्यातून 1970 चा पेटंट कायदा निघाला. तो 20 एप्रिल 1972 पासून अमलात आला. अन्न, औषधे आणि रासायनिक क्रियेने होणारे पदार्थ यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट नाही, केवळ तो तयार करण्याच्या कृतीवर मिळेल, असे त्याने ठरविले. आणि अन्न व औषधे यांच्या कृतीची मुदतही फार तर 7 वर्षांची ठेवली. मुक्कामाचे ठिकाण सर्वांना मोकळे आणि मार्ग तेवढा ज्याचा त्याचा, अशी व्यवस्था झाल्यावर आपल्या रसायनज्ञांनी मार्ग शोधण्यात जे नैपुण्य मिळविले, त्याला जगात तोड नव्हती. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागातून, म्हणजे 1933 साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या आणि आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठातून, तसेच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी तळोजा, पाताळगंगा, लोटे, कुरकुंभ येथील भट्ट्यांवर हेच नैपुण्य चालविले. एखादा द्रावक बदलावा, उत्प्रेरक बदलावा, पाच पायऱ्यांच्या तीन कराव्यात, आणि तोच पदार्थ स्वस्तात व शुद्ध काढावा, ही त्यांची विद्या होती.

1 जानेवारी 2005 पासून हा डाव बदलला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार पदार्थावरही पेटंट देणे आपल्याला भाग पडले. मार्ग कोणताही असो, मुक्काम दुसऱ्याचा असेल तर तेथे जाता येणार नाही, अशी स्थिती आली. तेव्हापासून या पट्ट्यातील कारखानदाराला दुसऱ्या एका विद्येची निकड भासू लागली आहे, आणि ती आपल्या शोधाच्या हद्दी शब्दांत बांधण्याची. माझे म्हणणे इतकेच, की 1972 नंतरच्या पिढीने भट्टीवर जी हुशारी दाखविली, तिच्याच तोडीची हुशारी आता मसुद्यात दाखविल्यावाचून तरणोपाय नाही.

ही मसुद्याची विद्या प्रत्यक्षात कशी चालते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पोलादी नळ्या गंजू नयेत म्हणून एका लहान कारखान्यातील रसायनज्ञाने इपॉक्सी राळेचा एक लेप सिद्ध केला. तो एजंटाकडे येऊन सांगतो, “साहेब, 100 भाग राळेत 4 भाग सूक्ष्म सिलिका घातली, दोन तास ढवळले आणि 80 अंशांवर लेप पक्व केला, की गंज बसत नाही.” त्याच्या दृष्टीने शोध येथे संपला, एजंटाचे काम येथून सुरू होते. “4 भागच का? 2 घातले तर काय होते? 8 घातले तर? लेप तडकावयास कोठून लागतो? सिलिकेऐवजी अल्युमिना घालून पाहिली का? कण केवढे होते, आणि ते मोजले कशाने? गंज बसत नाही म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात किती तास? आणि सिलिका न घालता तीच राळ त्याच फवाऱ्यात ठेवून पाहिली होती का?” या प्रश्नांनी पुष्कळ रसायनज्ञ वैतागतात, कारण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा “नाही” असे असते. परंतु तुलनेचा तो एक प्रयोग वहीत नसेल, तर नवा लेप जुन्यापेक्षा सरस आहे हे तपासनिसाला पटविण्यास आधारच उरत नाही. म्हणून जाणता एजंट अर्ज लिहिण्याआधी त्याला पुन्हा प्रयोगशाळेत पाठवितो.

प्रयोग पुरे झाले की मग क्लेम, म्हणजे हक्काचे दावे, लिहिले जातात. पहिला दावा रुंद असतो: 100 भाग इपॉक्सी राळ आणि 2 ते 8 भाग सिलिका यांचे लेपद्रव्य. दुसरा त्याच्या पोटात: पहिल्या दाव्यातील लेपद्रव्य, ज्यात सिलिका 3 ते 5 भाग आहे. तिसरा आणखी आत: ज्यात कणांचा व्यास अमुक ते तमुक आहे. उद्या एखाद्या जपानी नियतकालिकातील जुना निबंध निघाला आणि त्यात 7 भाग सिलिकेचा लेप आढळला, तर बाहेरची हद्द ढासळेल. पण आतली, तिच्यातील विशेष गुण सिद्ध केलेला असेल तर, उभी राहील. हे सर्व आरंभीच लिहून ठेवावे लागते. अर्जासोबत शोधाचे जे तपशीलवार वर्णनपत्र द्यावे लागते, त्यात मूळ जे नाही, ते मागाहून घालता येत नाही. उताऱ्यावर नसलेली जमीन वहिवाटीने सांगता यावी, तशी सोय येथे नाही.

रसायनाच्या बाबतीत ही आखणी विशेष कठीण होण्याचे कारण असे, की एका रेणूची शेकडो भावंडे असू शकतात. मूळ सांगाडा तोच ठेवून एका टोकाला मिथिलऐवजी एथिल जोडले, दुसऱ्या टोकाला क्लोरीनऐवजी फ्लुओरीन आणला, की पदार्थ नवा. आणि प्रतिस्पर्ध्याला एवढी फट पुरते. यावर अमेरिकेतील यूजीन मार्कुश या रंगरसायनाच्या उद्योजकाने 1920 च्या दशकात एक तोड काढली. “अमुक, तमुक आणि ढमुक यांच्या गटातून निवडलेला कोणताही एक” अशा शब्दरचनेचा दावा त्याने तेथील पेटंट कार्यालयाकडून मान्य करून घेतला, आणि आज जगभर असे दावे त्याच्याच नावाने ओळखले जातात. अशा एका वाक्यात लाखो रेणू सामावतात. त्यांतील प्रत्यक्ष केलेले किती आणि कागदावरचे किती, हा मग वादाचा विषय होतो.

आपल्या कायद्याने या वादात सावध भूमिका घेतली आहे. 2005 च्या दुरुस्तीने कलम 3 मधील ‘ड’ पोटकलमाला जे रूप मिळाले, त्यानुसार माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप, मग तो निराळा क्षार असो वा निराळा स्फटिक, त्याच्या ज्ञात गुणकारितेत खरी वाढ दाखविल्यावाचून शोध मानले जात नाही. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर नोव्हार्टिस कंपनीने पेटंट मागितले, तेव्हा हे कलम कसाला लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने 1 एप्रिल 2013 रोजी निर्णय दिला, की औषधाच्या बाबतीत गुणकारिता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. पूड सुलभतेने वाहते, ओल कमी धरते, अधिक काळ टिकते, हे गुण कारखानदाराच्या सोयीचे असले तरी त्या शक्तीत मोडत नाहीत. त्याच कलमाचे आणखी एक पोटकलम मिश्रणासंबंधी आहे. दोन पदार्थ एकत्र करून त्यांच्या गुणांची केवळ बेरीज होत असेल तर पेटंट नाही. बेरजेपेक्षा अधिक काही निष्पन्न होते, हे आकड्यांनी सिद्ध करावे लागते. कीटकनाशके, रंग, खते, सौंदर्यप्रसाधने यांचे लहान उत्पादक याच ठिकाणी अडखळतात.

नावीन्याची कसोटी तर याहूनही कठोर आहे, कारण ती साऱ्या जगाच्या लेखी ज्ञानावर घासून पाहिली जाते. 1995 साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक, गोमंतकातील माशेल येथे जन्मलेले आणि तोवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याविरुद्ध परिषदेतर्फे लढा उभारला. आजीच्या बटव्यातील साक्ष तेथे उपयोगी नव्हती; छापील अथवा लिखित पुरावा हवा होता. प्राचीन संस्कृत वचनांपासून 1953 साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या निबंधापर्यंत 32 आधार सादर झाले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, ते योग्यच. परंतु तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. जो कागद परक्याचा दावा मोडतो, तोच आपलाही मोडतो. स्वतःच्या शोधाविषयी परिषदेत वाचलेला निबंध, प्रदर्शनात मांडलेला नमुना, गिऱ्हाइकाला उत्साहाने दिलेले माहितीपत्रक, यांपैकी काहीही अर्जाच्या आधी प्रकट झाले, तर काही मोजके अपवाद सोडता नावीन्य संपते. म्हणूनच आधी पेटंट आणि मग प्रसिद्धी, हा क्रम माशेलकर शास्त्रज्ञांच्या मनावर सतत बिंबवीत राहिले.

कार्यपद्धती तशी अवघड नाही. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा यांसाठीचे पेटंट कार्यालय मुंबईस अँटॉप हिल येथे आहे. एजंटाने अर्ज संगणकाद्वारेच करावयाचा असल्याने तेथे खेटे घालावे लागत नाहीत. शोध अपुरा असेल तर तात्पुरते वर्णनपत्र देऊन तारीख पदरात पाडून घेता येते, आणि 12 महिन्यांत संपूर्ण वर्णनपत्र द्यावे लागते. 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणीची मागणी आता 31 महिन्यांच्या आत करावी लागते. ती मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते. तपासनिसाच्या हरकतींना उत्तर देणे, सुनावणीस उभे राहणे, आणि सनद मिळाल्यावर तिचे वार्षिक शुल्क भरले जाते की नाही हे पाहणे, ही सर्व एजंटाची कामे. व्यक्ती, लघुउद्योग, नवउद्योग व शिक्षणसंस्था यांना अर्जाचे मूळ शुल्क 1,600 रुपये आणि मोठ्या कंपन्यांना 8,000 रुपये आहे. खरा खर्च मसुद्याचा आणि परदेशांतील अर्जांचा असतो. येथे राहणाऱ्याने अनुमतीवाचून थेट परदेशात अर्ज करू नये, आधी येथे करून सहा आठवडे थांबावे, असाही नियम आहे, आणि तो ठाऊक नसल्याने पुष्कळजण अडचणीत येतात.

एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते. वकिलीची सनद लागत नाही, मात्र न्यायालयात दावा गेला की वकील हवाच. चांगल्या एजंटाची ओळख कशावरून पटते, असे कोणी विचारले, तर जो प्रसंगी “पेटंट घेऊ नका” असे सांगतो त्याच्यावरून, असे मी म्हणेन. तयार मालाचे पृथक्करण करून जी कृती कोणालाही उलगडणार नाही, ती जाहीर करून 20 वर्षांचा हक्क घेण्यापेक्षा नोकरांशी गोपनीयतेचे करारनामे करून कुलपात ठेवणे कित्येकदा शहाणपणाचे असते.

पेटंट म्हणजे मक्तेदारी, अशी एक धास्ती सामान्य वाचकाच्या मनात असते, आणि ती अगदीच निराधार नाही. पण कायद्याने तिला लगामही ठेवले आहेत. सनद मिळण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला लेखी हरकत घेता येते. आणि सनद मिळाल्यावरही लोकहिताचा प्रश्न उरतोच, हे 9 मार्च 2012 रोजी मुंबईच्याच पेटंट कार्यालयातून दिल्या गेलेल्या निर्णयाने दाखविले. बायर कंपनीच्या मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील औषधाला महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपये पडत होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते 8,800 रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना देण्यात आला, आणि बायरला विक्रीवर 6 टक्के स्वामित्वधन देण्याची अट घालण्यात आली. पेटंट बायरचेच राहिले, पण औषधाची किंमत रुग्णाच्या आवाक्याबाहेर ठेवण्याची मुभा राहिली नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही 2014 साली हा परवाना कायम केला.

या सर्व व्यवस्थेचा कणा वर्णनपत्र आहे, आणि वर्णनपत्राला दोन धनी असतात. एक अर्जदार, ज्याला आपली हद्द भक्कम हवी. दुसरी जनता, जिला मुदत संपल्यावर ती कृती खरोखर करून पाहता आली पाहिजे. मोघम लिहिलेल्या अर्जाने पहिल्याचा हक्क न्यायालयात टिकत नाही आणि दुसरीला 20 वर्षे थांबूनही काही हाती लागत नाही. तळोजा-पाताळगंगेच्या कारखान्यांत पनवेल, पेण, खालापूर या तालुक्यांतील रसायनाचे पदवीधर आजवर भट्टीपाशी आणि तपासणीच्या टेबलापाशी उभे राहिले. त्यांतील काहींनी ही परीक्षा देऊन मसुद्याच्या टेबलाशी बसावे, आणि कारखानदारांनीही त्यांना प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. शोध लागून गेल्यावर हद्द आखावयास बोलाविलेला माणूस, जेवढे वहीत उतरले आहे तेवढ्याचीच हद्द आखू शकतो.